नव्वदीच्या ओळीतले पाचवे बटण

१

बटणे पाच होती. असायला हवी होती चार.

जिल्हा कचेरीतून आलेल्या ग्वाकने ती दोनदा मोजली. आधी नजरेने, मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने, एकेका बटणाला जपून टेकवत. मग त्याने हातातला तक्ता पाहिला, पुन्हा कापड पाहिले आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसला.

"काय झालं?" ह्येरानने विचारले. ती कापड गुंडाळायला सुतळी घेऊनच उभी होती.

"नव्वदीच्या पुढे बायका चार आहेत, मॅडम. कापडावर पाच. आणि ऐंशीच्या ओळीत एक कमी."

सोल्ती गावाच्या सामाईक घरात ते कापड नऊ वर्षे भिंतीवर होते. गावच्या बायकांनी जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ते शिवले होते. मधोमध उभी रेघ. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका. तळाशी लहान मुलांची ओळ, तिच्यावर दहा वर्षांपुढच्यांची, मग विशीची, आणि असे करत सगळ्यात वर नव्वदीची. गावात जितकी माणसे तितकी बटणे. तळाच्या ओळीत दोनच, वरच्या तीन ओळी मात्र गच्च. वाचता न येणाऱ्या बाईलाही दारातून बघताच गावाचे काय चालले आहे ते कळे. माणूस गेले की त्याचे बटण काढून कापडाच्या खालच्या काठावर शिवायचे, असा रिवाज होता.

ही कल्पना ह्येरानच्या वडिलांची. प्यो जोंगमान एकतीस वर्षे जिल्ह्याच्या आकडेवारी खात्यात होते. "आकडा छापला म्हणजे सांगितला असं होत नाही," असे ते म्हणत. सकाळची बस बंद होणार अशी बातमी आली, तेव्हा गावच्या म्हाताऱ्या हेच कापड काखोटीला मारून कचेरीत गेल्या आणि साहेबांच्या टेबलावर पसरून म्हणाल्या, "ह्या वरच्या तीन ओळी दवाखान्यात कशा जाणार, ते तुम्हीच सांगा." बस अजून चालू होती.

आता जिल्ह्याने आकडे सामान्य माणसाला समजावेत म्हणून एक दालन काढले होते. मंगळवारी ते उघडणार, पहिल्या भिंतीवर हे कापड लागणार आणि खाली प्यो जोंगमान हे नाव. ते जाऊन पंचवीस दिवस झाले होते.

"बाकी सगळं जुळतंय," ग्वाक म्हणाला. "एकूण बेरीज बरोबर. पुरुषांची बाजू तर ऑक्टोबरअखेरच्या तक्त्याशी तंतोतंत. फक्त हे एक बटण. पण चुकीचं कापड त्यांच्या नावाखाली कसं लावू? लोक हसतील. त्यांना." त्याने पेन्सिल खिशात घातली. "शेवटी शेवटी एकटेच होते ना ते. वय झालं की होतं असं, मॅडम."

तो मुलगा चांगला होता. मुद्दाम लागेल असे बोलला नव्हता.

सप्टेंबरात, दोन दिवसांच्या अंतराने, बाबांनी फोनवर तिला एकच प्रश्न दोनदा विचारला होता. "ह्येरान, तुला आईचा चेहरा आठवतो का गं?" ह्येरान सहा वर्षांची असताना आई गेली होती. पहिल्यांदा ती म्हणाली, "हो." दुसऱ्यांदा म्हणाली, "बाबा, परवाच विचारलंत की. छपाईला पानं द्यायचीत, नंतर बोलू." ते नंतर राहूनच गेले. सोलमधल्या एका प्रकाशनगृहात ती मुद्रितशोधक होती. हे पाचवे बटण चुकीचे असेल, तर बाबांची स्मृती तेव्हापासूनच हातातून सुटू लागली होती, आणि ती दूर बसून परक्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढत होती.

"सोमवारपर्यंत थांबाल?" तिने विचारले.

"सोमवारी दुपारी. त्याहून जास्त नाही जमायचं."

तिने कापड खिडकीशी धरले. ऐंशीच्या ओळीत, उन्हाने विटलेल्या निळ्या तुकड्यावर एक लहान गडद वर्तुळ होते. तिथले कापड विटले नव्हते, कारण तिथे वर्षानुवर्षे काहीतरी शिवलेले होते. आणि वर, नव्वदीच्या ओळीतल्या पिवळट शिंपल्याच्या बटणाचा दोरा कोरा पांढरा होता.

बटण कोणीतरी नुकतेच हलवले होते.

२

ते बटण कोणाचे हे मात्र कोणीच सांगू शकत नव्हते. बाबांचा कायदाच तसा होता: मोजणी सगळ्यांची, नाव कोणाचेच नाही. ज्याने त्याने आपले बटण मुठीत झाकून आणायचे आणि त्यांच्या हातात द्यायचे. यादी त्यांनी कधी लिहिली नाही. ती डोक्यात होती आणि डोक्याबरोबर गेली.

"मला कळलं काय झालं असेल ते," ग्वाक पायऱ्यांवर बूट घालत म्हणाला. "जुनी मोजणी. जन्मल्याबरोबर एक वर्षाचं, आणि नव्या वर्षाचं सूप प्यायलं की सगळ्या देशाचं वय एकदम वाढतं, ती. जी एकोणनव्वदची, ती जुन्या हिशोबानं नव्वदची. साहेबांची तिथंच गफलत झाली असणार."

"गावात एकोणनव्वदची कोण आहे?"

"ते मी सांगू शकत नाही, मॅडम. तुमच्याच वडिलांनी शिकवलंय आम्हाला."

सांगायची गरजही नव्हती. अंगणात चारशे कोबी मिठात मुरत पडले होते, गावभरच्या बायका तिखटाने लाल झालेल्या हातांनी किमची घालत होत्या, आणि मध्यावर उपड्या बादलीवर बसून जी सगळ्यांना हुकूम सोडत होती, ती गुमसानवाली आजी. सोल्तीत लग्न होऊन आलेल्या बाईचे नाव कोणी घेत नाही. ती आपल्या माहेरच्या गावाची होऊन राहते.

"आली बघा सोलची पाहुणी!" गुमसानवाली ओरडली. "हात लावणार, का नुसती बघणार? आणि तो सरकारी कुठं पळतोय? ए बाळा, खाऊन जा! उपाशी गेलास तर गावाची अब्रू जाईल."

ग्वाकच्या तोंडात किमचीत गुंडाळलेला डुकराच्या मटणाचा तुकडा कोंबला गेला. ह्येरानने रबरी हातमोजे चढवले आणि एक कोबी पुढे ओढला.

"आजी, तुमचं वय किती हो?"

"नव्वद!"

"एकोणनव्वद," शेजारची छोंगसानवाली म्हणाली. "ही पण डुकराच्या सालची, मी पण डुकराच्या सालची. मी एकोणनव्वद, तर ही नव्वद कशी? माझ्याआधी नऊ महिने पोटात जास्त राहिली होती काय?"

"तू गप गं. तू सरकारी एकोणनव्वद. मी माझ्या आईच्या हिशोबानं नव्वद. आईला जास्त कळतं की सरकारला?"

बायका हसल्या. तिसरी, बामगोलवाली आजी, हसता हसता उठली आणि रिकामी पातेली गोळा करू लागली. वाकलेली, चिमणीएवढी बाई. या तिघी दिवसभर सामाईक घरात एकत्र असत. जमिनीखालून शेक येतो तो स्वयंपाकघराच्या बाजूला जास्त. ती उबेची जागा थोरलीची, म्हणून गुमसानवालीची. नव्वदी ओलांडलेल्या चौघी घराबाहेर पडत नसत. भांडी धाकटीने घासायची, म्हणून बामगोलवालीने. बारा वर्षांच्या फेऱ्यात प्रत्येक सालाला एका प्राण्याचे नाव असते; ती डुकरानंतरच्या उंदराच्या सालची, अठ्ठ्याऐंशीची.

"ठेव गं ती, पोरी घासतील," गुमसानवाली म्हणाली.

"असू दे हो ताई. धाकटीचंच काम."

ह्येरानने आवाज खाली आणला. "आजी, कापडावरचं एक बटण कोणीतरी वरच्या ओळीत नेलंय. तुम्ही नाही ना?"

गुमसानवालीने हातातला कोबी खाली ठेवला. हात पुसले. उठून आत गेली. ह्येरान मागोमाग गेली. म्हातारीने कापड उलटे केले आणि नव्वदीच्या ओळीमागचे अस्तर नखाने उचकटले.

"वीस वर्षं झाली, मला सुईत दोरा ओवता येत नाही. बामगोलवाली ओवून देते. पण ते सोड. ही गाठ बघ. कोबीच्या पोत्यांना, बसच्या अर्जांना, सगळीकडं हीच गाठ असायची."

तीन वेढ्यांची चपटी गाठ होती. ह्येरानच्या शाळेच्या डब्याचे फडकेही त्याच गाठीने बांधलेले असे.

बटण बाबांनीच हलवले होते.

३

म्हणजे आता दोनच गोष्टी शक्य होत्या. एक तर बाबांना माहीत होते ते काय करताहेत, किंवा माहीत नव्हते.

ती बाबांच्या खोलीत टेबलाशी बसली. ग्वाकचा तर्क तिने आधी तपासला, अनोळखी लेखकाचे वाक्य तपासावे तसा. बाबा जुन्या मोजणीत घसरले असते, तर गुमसानवाली वर गेली असती. पण मग छोंगसानवालीही गेली असती. दोघी एकाच सालच्या. नव्वदीत सहा बटणे झाली असती. होती पाच. विसरभोळा माणूसही दोघींना एकाच मापाने मोजतो. इथे एकीलाच निवडून हलवले होते. अर्थात एखादे बटण नुसतेच चुकीच्या जागी लागले, असेही होऊ शकत होते. ते तिला खोडता येईना.

खणात त्यांची वही होती. अक्षर शेवटच्या पानापर्यंत सरळ. महिन्याच्या मोजणीच्या नोंदी, आणि मध्येच काही तुटक ओळी.

"११ सप्टेंबर. दगड पाहिला. डुकराचं साल."

"२४ ऑक्टोबर. मान्य झालं."

"३१ ऑक्टोबर. कापड तपासलं. नव्वदीत पाच. बरोबर. कागद मागून येईल."

ही शेवटची ओळ. नंतर चार दिवसांनी ते सकाळी उठले नव्हते.

"बरोबर" या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली होती. ती रेघ तिने बराच वेळ पाहिली. खात्री असलेला माणूस रेघ ओढतो. स्मृती सुटत चाललेला माणूसही ओढतो.

तिने ग्वाकला फोन लावला. "बाबांनी कोणत्या कागदाची वाट पाहायला सांगितली होती का तुम्हाला?"

"नाही, मॅडम. आमच्याकडे काहीच प्रलंबित नाही." तिने ११ सप्टेंबरची ओळ वाचून दाखवली, तेव्हा तो म्हणाला, "डुकराचं साल म्हणजे एकोणनव्वदच की. मी म्हणत होतो तेच ना?"

पण डुकराच्या सालच्या दोघीही अंगणात जिवंत बसून भांडत होत्या. मग दगड कोणाचा? साल कोरलेला दगड एकाच ठिकाणी असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने गुमसानवालीला गाठले. "सप्टेंबरात बाबा कोणाच्या थडग्यावर गेले होते?"

"सप्टेंबरात? गवत कापायच्या दिवसांत?" म्हातारी लसूण सोलत होती. तिची बोटे थांबली. "बामगोलवालीला घेऊन गेला होता. डोंगरापलीकडं, तिच्या माहेरी. आईच्या थडग्यावरचं गवत कापायला. तिचे गुडघे गेले ना आता." मग वर न बघता म्हणाली, "का गं?"

"सहज."

"बापाची लेक आहेस, सहज नाही विचारायचीस तू," गुमसानवाली म्हणाली, आणि पुन्हा लसूण सोलू लागली.

४

बामगोलवालीने किमचीचा एक लहान डबा बाजूला काढून ठेवला होता. दरवर्षीची पहिली किमची ती आईला नेऊन देई. यंदा कोण नेणार, हे तिने कोणाला विचारले नव्हते. ह्येरानने गाडी दारात आणली तेव्हा डबा मांडीवर घेऊन ती आत बसली.

वाटेत एकदाच बोलली. "तुझा बाप गाडी हळू चालवायचा."

"मी पण हळूच चालवते."

"हो. पण तो गाणं म्हणायचा."

बामगोल आता गाव राहिले नव्हते. चेस्टनटची झाडे, दोन पडकी छपरे, आणि उतारावर गवताचे गोल उंचवटे. आजीने डबा उघडून एका उंचवट्यापुढे ठेवला, दोन वेळा वाकून नमस्कार केला, तिसऱ्यांदा वाकायला गुडघ्यांनी नकार दिला, तशी तिथेच बसली. डोक्याशी हातभर उंचीचा दगड होता. अक्षरे शेवाळाने भरली होती, पण मधल्या एका पट्ट्यातले शेवाळ कोणीतरी अलीकडेच खरवडलेले.

"काय लिहिलंय गं त्यावर? मला कुठं वाचता येतंय," आजी म्हणाली. "तुझ्या बापानं वाचून दाखवलं होतं. पुन्हा ऐकायचंय."

ह्येरानने बोट फिरवत वाचले. आजीच्या आईचे आडनाव. मग मृत्यूचे साल. तिचे बोट थांबले.

डुकराचे साल.

उंदराचे साल डुकराच्या सालानंतर येते. आजी उंदराच्या सालची. कागदावर तिचा जन्म आईच्या मृत्यूनंतर जवळजवळ एका वर्षाने झाला होता.

आई गेल्यावर तिच्या पोटी कोणी जन्माला येत नाही. दगड एक वेळ शेवाळतो, पण तो एकदाच कोरला जातो. तेव्हा चूक कागदात होती.

"आजी," ह्येरान म्हणाली, "तुम्ही उंदराच्या सालच्या नाही."

वाऱ्याने डब्याचे झाकण पडले. आजीने ते उचलून पदराला पुसावे तसे बंडीला पुसले.

"कोंबड्याच्या," ती म्हणाली. "आई गेली तेव्हा मी दोन वर्षांची होते."

कोंबड्याचे साल डुकराच्या दोन साल आधीचे, म्हणजे एक्याण्णव.

५

"बापानं दुसरी आणली," आजी सांगू लागली. "ती आल्यावर माझी नोंद झाली. तिचीच पोर म्हणून. तिच्या लग्नानंतरचं साल घातलं, नाहीतर लोक बोलले असते. वाईट नव्हती ती. पोटभर घातलं तिनं. पण कागदावर माझी आई नव्हतीच कुठं. मावशीनं लग्नाच्या आदल्या दिवशी कानात सांगितलं, तू कोंबड्याच्या सालची, आणि तोंड उघडू नकोस. नवरा कुत्र्याच्या सालचा, त्याला कोंबड्याच्या सालची चालत नाही. वर एका वर्षानं मोठी! मोडलंच असतं."

"मग आता का, आजी? इतक्या वर्षांनी?"

"कापडामुळं." ती हसली. "तुझा बाप बटणं मागत फिरला ना, तेव्हा मी आईचं दिलं. तिच्या बंडीचं. एवढंच उरलंय. त्यानं ते ऐंशीच्या खालच्या ओळीत लावलं, पुढं मी ऐंशीची झाले तसं वर चढवलं. रोज समोर बसून बघायची मी. एक दिवस म्हटलं, प्योसाहेब, ते बटण खोटं बोलतंय हो. माझ्यासाठी नाही, पण आईचं बटण आहे, त्यानं खोटं बोलू नये."

बाबांनी ते ऐकून घेतले. मग दगडाचा फोटो, मावशीच्या मुलाची साक्ष, शाळेत कधी न गेलेल्या बाईचे वय सांगणारा दातांचा दाखला, असे एकेक जमवून ते तिला पाच वेळा शहरातल्या कोर्टात घेऊन गेले. चोवीस ऑक्टोबरला कोर्टाने मान्य केले. तीस तारखेला दोघांनी जाऊन निकाल नोंदणीच्या खिडकीत दिला. दुसऱ्या दिवशी बाबांनी बटण हलवले.

ह्येरानला आता ती ओळ सरळ वाचता आली. ग्वाकचा तक्ता ऑक्टोबरअखेरचा होता. खिडकीत दिलेला कागद नोंदीत चढला तो नोव्हेंबरात. बाबा चुकले नव्हते. कचेरीच्या एक महिना पुढे होते. कागद मागून येणार होता, आणि ते थांबले नाहीत, एवढेच.

"कोणाला सांगू नकोस," आजी म्हणाली. "गुमसानवाली डुकराच्या सालची. सत्तर वर्षं मी तिला ताई म्हणतेय. आता मी मोठी निघाले, तर तिनं मला ताई म्हणायचं? ती म्हणेलही, आणि मग आम्हाला एकमेकींशी बोलताच यायचं नाही."

"नाही सांगणार."

आजीने तिच्याकडे वळून पाहिले. "तुझ्या बापावर रागावलीस ना तू? फोनवर?"

ह्येरान दगडावरचे शेवाळ नखाने खरवडू लागली.

"त्यानं सांगितलं मला. पण तो प्रश्न त्याचा नव्हता गं. माझा होता. मी म्हटलं, तुझी लेक सहा वर्षांची होती ना, विचार तिला, एवढ्या वयातला चेहरा राहतो का? तू हो म्हणालीस. मला खरं वाटेना. माझ्याकडं काहीच नाही राहिलेलं, वास नाही, आवाज नाही. मी म्हटलं, तुला बरं वाटावं म्हणून म्हणाली असेल, परत विचार. तो म्हणाला, पोरगी चिडेल. मी म्हटलं, चिडू दे."

झाडावरून एक चेस्टनट सुटले आणि गवतात पडल्याचा आवाज झाला.

"मग?" आजी म्हणाली. "राहतो का?"

"राहतो," ह्येरान म्हणाली. "पूर्ण नाही. कपाळ, आणि इथली रेघ. पण राहतो."

आजीने मान हलवली. मग डब्यातले किमचीचे एक पान उचलून तिने ह्येरानच्या तोंडाशी धरले.

६

सोमवारी दुपारी सामाईक घरात पाय ठेवायला जागा नव्हती. कापड न्यायला सरकारी माणूस येणार म्हणून सगळ्या बायका जमल्या होत्या. ग्वाक आला तो धापा टाकतच. त्याने ह्येरानला खुणेने बाहेर पायऱ्यांवर बोलावले.

"तुम्ही फोनवर नवा तक्ता बघा म्हणालात, म्हणून नोव्हेंबरअखेरचा बघितला. नव्वदीत पाच." तो कुजबुजत होता. "आधी वाटलं, कोणाचा तरी वाढदिवस झाला असेल. मग आतला तक्ता काढला, एकेका वर्षाचा, जो बाहेर दाखवत नाहीत तो. अठ्ठ्याऐंशीतून एक गेली. एक्याण्णवात एक आली. एका महिन्यात तीन वर्षं कोण म्हातारं होतं, मॅडम?"

ह्येरानने मागचे दार ओढून घेतले.

"म्हणजे नोंदच दुरुस्त झाली," तो म्हणाला. "आणि साहेबांना ते आमच्याआधी..." त्याने तक्त्याची घडी सरळ केली. "कोण ते विचारणार नाही."

"विचारू नका."

"चूक झाली म्हणालो होतो मी. होतं असं म्हणालो होतो." त्याने टोपी काढली आणि परत घातली. मग तक्त्याकडे बघत हळूच म्हणाला, "पण आता नवा तक्ता धरायचा, तर पुरुषांची बाजू जुळत नाही. सत्तरीच्या ओळीत... एक जास्त आहे."

ह्येरानने तक्ता त्याच्या हातातून घेतला. गेल्या शुक्रवारी पुरुषांची बाजू तंतोतंत जुळली होती, कारण तो तक्ता ऑक्टोबरचा होता. ऑक्टोबरात बाबा होते.

ती आत आली. सत्तरीच्या ओळीत पुरुषांची सहा बटणे होती. कोणते कोणाचे हे कोणालाच माहीत नव्हते, पण तिला शोधावे लागले नाही. तिसरे निळे, जहाजाचा नांगर कोरलेले. लहान मुलीच्या कोटाचे. दुसरीत असताना हरवले म्हणून ती रडली होती, आणि बाबा म्हणाले होते, सापडेल कुठेतरी. शुक्रवारी कापड खिडकीशी धरले तेव्हाच तिने ते पाहिले होते, आणि नजर दुसऱ्या बाजूच्या ओळींवर नेली होती.

"आजी, सुई-दोरा आहे?"

बामगोलवालीने काही न विचारता सुई काढली, उजेडाकडे धरली, आणि चष्म्याशिवाय पहिल्याच खेपेला दोरा ओवून पुढे केला.

"उभी राहून काय ओवतेस, इकडं बस," गुमसानवाली म्हणाली. ती उबेच्या जागेवरून सरकली होती. "बस म्हणते ना. माझी कंबर भाजतेय."

"अहो ताई, ती थोरलीची जागा."

"मला ठाऊक आहे कोणाची जागा आहे ती." गुमसानवालीने तिचा हात ओढून तिला खाली बसवले. मग खालच्या आवाजात, लसूण सोलताना बोलावे तसे, दुसरीकडे बघत म्हणाली, "नवी नवरी होऊन आलीस तेव्हा तुझे हात बघितले होते मी. सतरा वर्षांच्या पोरीचे असतात होय तसे हात? पण मला एक धाकटी हवी होती. तू ताई म्हणालीस. मी कशाला बोलू?"

बामगोलवाली अर्धवट उठत म्हणाली, "पाणी आणू का, ताई?"

"बस गप. भांडी आज छोंगसानवाली घासेल."

"मी का म्हणून?" छोंगसानवाली ओरडली, आणि सगळ्या एकदम हसल्या.

त्या आवाजात ह्येरानने कात्रीचे टोक निळ्या बटणाखाली घातले. दोरा जुना होता, सहज तुटला. बटण तळहातावर आले. तिच्या आठवणीपेक्षा ते लहान होते. खाली कापडावर एक गोल उरला, न विटलेला.

खालच्या काठावर तिने जागा शोधली. चार टाके घातले. उलट बाजूला तीन वेढे घेऊन चपटी गाठ मारली, बोटाने दाबली, आणि ग्वाककडे पाहिले.

"आता मोजा," ती म्हणाली. "सगळं बरोबर आहे."